शुवैखचं गॅरेज आणि लाल खडक

एकाच गॅरेजात बारा वर्षं काढली की किस्से गंजासारखे आपोआप चढत जातात. कुवैतमधल्या शुवैखच्या आमच्या गॅरेजात आम्ही तिघे कोकणातले. मी चिपळूणचा, एसीचं काम बघायचो. सावंत कुडाळचा, डेंटर, गाड्यांचे पोचे काढणारा. आणि आमचे हेड मेकॅनिक इस्माईलभाई रत्नागिरीचे. थंडीत शुक्रवारी इस्माईलभाईंच्या पिकअपमधून आम्ही खाडीपलीकडच्या वाळवंटी पार्कात जायचो, लाल खडक बघायला. सहलीचे किस्से म्हटले की लोक हसायच्या तयारीने बसतात. हे तसे नाहीत.

*

पहिल्यांदा गेलो ते त्र्याण्णव साल असेल. आखाती युद्धातले सुरुंग अजून वाळूत होते, म्हणून खडकांभोवती तार लावलेली. सावंत फोटोसाठी तार ओलांडून सरळ आत गेला. इस्माईलभाई ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सावंत, घरी फोटो पाठवायचाय की पेटी?"

सावंत आपल्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत मागे आला. वीस पावलांना अर्धा तास लागला.

*

मग तारेच्या अलीकडून फोटो काढला आणि सावंतने तो घरी पाठवला. महिन्याने आईचं पत्र आलं. खैतान भागातल्या आमच्या खोलीवर त्याने ते मोठ्याने वाचायला घेतलं. "तिकडेही आपल्यासारखाच तांबडा दगड आहे, मग एवढ्या लांब कशाला गेलास?"

पुढचं त्याने मनातच वाचलं.

*

एकदा तिथे मेंढ्या चारणारा एक बंगाली भेटला. सुरुंगांची भीती नाही वाटत का, असं इस्माईलभाईंनी विचारलं. मेंढ्या पुढे असतात, मी मागे, तो म्हणाला. मागच्याच महिन्यात स्फोटात तीन मेंढ्या गेल्या होत्या. मालकाने फोनवर विचारलं, बाकी सब ठीक?

"मैं बोला, मैं ठीक हूँ. वो बोला, मैं भेड़ की पूछता हूँ."

हसावं की नाही, आम्हाला कळेना. तो मात्र हसत होता.

*

आणि हा दोन हजार एकचा. पार्कातला म्हातारा कुवैती पहारेकरी गॅरेजात आला आणि इस्माईलभाईंना हत्यारं घेऊन चला म्हणाला. सुरुंग एव्हाना काढून झाले होते. खडकांच्या मागे एक पांढरी गाडी उभी होती, चाकं वाळूत बुडालेली. त्याच्या मुलाची. युद्धात सैनिकांनी मुलाला या गाडीतून उतरवून नेलं, तो परत आला नाही. म्हाताऱ्याने गाडी कोणाला हलवू दिली नव्हती.

इस्माईलभाईंनी बॉनेट उघडून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, बाबा, ही आता चालू होणार नाही.

म्हातारा म्हणाला, "चालू करू नका. दारं उघडतील एवढंच करा."

सावंतला बिजागऱ्या सोडवायला दोन तास लागले. चारही दारं उघडली. म्हातारा ड्रायव्हरच्या बाजूला गेलाच नाही. वळसा घालून शेजारच्या सीटवर बसला, दार ओढून घेतलं आणि समोर बघत पट्टा लावला.