टाकीवरची लाल रेघ

आमचे अण्णा कशाकशाला घाबरत नसत एवढंच विचारा, यादी छोटी होईल. अण्णा म्हणजे माझे सासरे. गॅसचं बटण मी बंद केलं की ते येऊन बघून जायचे. मग परत येऊन सिलिंडरचा कॉक बघायचे. आणि अंथरुणावर पडलं की भिंतीकडे तोंड करून विचारायचे, "बंद केलंस ना गो वैशाली?" लग्न होऊन महाडहून पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं, माझ्यावरच यांचा विश्वास नाही. नंतर कळलं, विश्वास कशावरच नव्हता. वीज, विंचू, रिक्षा, शेजारच्यांचा बैल, सगळ्यांवर संशय सारखाच.

असा माणूस एसटीत कंडक्टर होता आणि उभी हयात घाटात गेली, याला काय म्हणावं! घाट लागला की अण्णा आपली सीट सोडून दारापाशी उभे राहायचे, खाली उतरेपर्यंत. नेहमीचे पॅसेंजर चिडवायचे, "काय मास्तर, पहिली उडी तुमचीच वाटतं?" अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं. "उडी नाय रे. तुम्हाला बाहेर ढकलाया उभा हाय. सगळे गेल्याशिवाय मला कुठं सुटका?" गाडीभर हशा पिकायचा. अण्णा मात्र दांडी घट्ट धरून दरीकडे बघत असायचे.

आमचं घर वाडीच्या वरच्या टोकाला, एकटंच. मागे डोंगर, पुढे उतार. हवा छान, आंबे भरपूर, पण पलीकडच्या तळीयेला डोंगर खाली आला त्या पावसापासून अण्णांनी मागच्या पडवीत बसणं सोडलं. पाऊस धरला की "चला खाली शाळेत" सुरू. आम्ही जायचो, अंग आखडून जमिनीवर झोपायचो, सकाळी घर जागच्या जागी. शेजारचे भिकूदादा वाटेत गाठून विचारायचे, "काय वैनी, आला का डोंगर?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी येऊन मी भांडी आपटायचे. अण्णा मुकाट चहा पीत बसायचे.

मासे आले ते माझ्या मुलीमुळे, ओवीमुळे. राजू, माझा नवरा, महाडच्या एमआयडीसीत कामाला. त्याने तिच्यासाठी तीन फुटी काचेची टाकी आणली आणि ती मधल्या खोलीत, आमच्या अंथरुणांच्या उशाशी ठेवली. गोल्डफिश आठवड्यात देवाघरी गेले आणि काचेवर शेवाळ चढलं. मग दुकानदाराने शेवाळ खाणारी एक जोडी दिली. ब्रिसलनोज म्हणाला. काळपट, चपटे, काचेला तोंड लावून चिकटून बसणारे. नराच्या नाकावर मिशांचं रान. अण्णांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे तर आपले पोलीस पाटील!" तेव्हापासून तो पाटील, आणि मादी अर्थातच पाटलीणबाई.

त्या जोडीवर अण्णांनी जो जीव लावला, तो बघून मला हेवा वाटायचा. पातळ काकडी उकळत्या पाण्यातून काढून, दोरीने दगडाला बांधून पाण्यात सोडायची, ती खाल्ली की नाही बघायला उठायचं. पत्रे घातले तेव्हा घराची जुनी नळीची कौलं परसात रचून ठेवली होती. त्यातले दोन तुकडे एकमेकांवर उपडे बांधून, एक तोंड बुजवून अण्णांनी पाटलाला घर केलं. पावसाळ्यात पागोळीचं गार पाणी थोडं थोडं घालायला लागले आणि एका सकाळी लहान पोरासारखे ओरडले. कौलाच्या आत नारिंगी अंड्यांचा घोस, आणि त्यावर पाटील पंख हलवत वारा घालतोय. पाटलीणबाई अंडी घालून केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या.

मग घरात संचारबंदी. दार आपटायचं नाही, ओवीने नाचायचं नाही, कुकर लावायचा नाही. नर दचकला तर अंडी बाहेर लोटतो म्हणे. मी म्हटलं, "अहो अण्णा, मासा आहे तो, बाळंतीण नाही!" तर शांतपणे म्हणाले, "बाप्या असला म्हणून काय झालं? बाळंतपण तोच करतो. ती गेली, हा बसलाय." राजू दोन वर्षांचा असताना सासूबाई गेल्या आणि अण्णांनी त्याला एकट्याने वाढवलं, हे मला तेव्हा आठवलं. भात मी टोपात शिजवला.

एकदा टाकी पुसताना दोन्ही टोकांना, पाण्याच्या पातळीला, लाल रेघा दिसल्या. माझंच नेलपॉलिश! चांगलीच चिडले. "टाकीला कुंकू लावलंत का?" अण्णा ओशाळले. मग म्हणाले, "पाणी आटलं तर दोन्हीकडं सारखं आटंल गो. डोंगराकडं खाली नि उताराकडं वर झालं, तर समजायचं, घर बसतंय. भिंत आपल्याला फसवील, पाणी नाय फसवणार." रोज सकाळी ते देवाला नमस्कार करण्याआधी टाकीला डोकं टेकवून बसायचे ते मासे बघायला, अशी माझी समजूत होती. मी सगळ्या वाडीत हे सांगत सुटले. लोक पोट धरून हसले.

पुढच्या पावसाळ्यात झड लागली ती थांबेचना. पाटील पुन्हा अंडी घेऊन बसलेला. एका सकाळी अण्णांनी राजूला हाक मारली. उताराच्या बाजूचं पाणी रेघेच्या वर होतं, करंगळीच्या नखाएवढं. राजूने स्टँड हलवून बघितला, एका पायाखाली लाकडाची चीप सारली, पाणी रेघेला आलं. "पाय दबला होता, अण्णा. उगाच जिवाला घोर नको." असं म्हणून तो ड्युटीला गेला आणि रस्त्यावर पाणी आल्यामुळे तिकडेच अडकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकऱ्या थापत होते. वीज गेली होती, म्हणून टाकीचा पंप बंद, आणि अण्णा तांब्याने टाकीतलं पाणी उंचावरून पुन्हा टाकीत ओतत होते, माशांना हवा मिळावी म्हणून. ओतण्याचा तो आवाज एकदम थांबला. मी वाट बघितली. अण्णा काही बोलेनात. एरवी पान हललं तरी बोलणारा माणूस! त्यांच्या बडबडीला मी कधी घाबरले नव्हते. ते गप्प झाले तशी मी पिठाच्या हातांनीच उठले.

मधल्या खोलीत गेले. चीप जागेवर होती. पाणी मात्र उताराच्या बाजूला पुन्हा रेघेच्या वर चढलं होतं, कालच्याहून जास्त. अण्णांनी दोन्ही हात टाकीत घालून कौल उचललं, तोंडावर तळवा धरून. वाटलं, पाटील सुळकन बाहेर पळेल. तो हललासुद्धा नाही, अंड्यांवर तसाच. अण्णांनी कौल बादलीत ठेवलं, टाकीतलं पाणी घातलं. "पोरीला घे," एवढंच म्हणाले. "बाकी काय नको."

दाराशी आलो तर दार उघडेना. चौकटीत गच्च बसलेलं. सकाळी मी स्वतः उघडलं-लावलेलं दार! ओवी रडायला लागली. अण्णांनी कडी धरून, भिंतीला पाय लावून दार ओढलं, तेव्हा कुठे हातभर फट झाली. त्यातून त्यांनी आधी ओवीला बाहेर ढकललं, मग मला, मग बादली दिली. स्वतः अडकले. सदरा फाटला, खांदा सोलून निघाला, पण निघाले. उतारावरून आम्ही मागे न बघता खाली पळालो. डोक्यावर पाऊस, आणि मागून आता आवाज येईल, आता येईल, ही भीती. अजूनही पावसात पत्रा वाजला की मला तो उतार आठवतो.

आवाज आला नाही. घर पडलं नाही. शाळेत आम्ही आळीपाळीने बादलीत तांब्या ओतत बसलो, आणि तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं बादलीच्या कडेला चिकटलेली दिसली तेव्हा ओवी आधी हसली. पाऊस उघडला, घर तसंच उभं. दारही राजूने रंधा मारून सारखं केलं. भिकूदादा म्हणाले, "अण्णा, डोंगर इचारत होता, कुठं गेलात?" मी परत जायला तयार होते. अण्णा पहिल्यांदाच उंबऱ्यावर आडवे उभे राहिले. "मी हाय तोवर पोर या घरात झोपणार नाय." त्यांचा असा आवाज राजूनेही कधी ऐकला नव्हता. नाइलाजाने महाडला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे अण्णांना नदीची भीती, म्हणून दुसरा मजला! टाकी आली, पाटील आला, पाटलीणबाई आल्या, आणि सपाट जमिनीवरच्या पक्क्या इमारतीतही लाल रेघा आल्या.

पण अण्णा मनाने खचले. वाडीचं कुणी भेटलं की आधी विचारायचे, "घर हाय ना उभं?" उभं आहे म्हटलं की बरं वाटायचं आणि वाईटही. थंडीत त्यांची छाती भरली. शेवटच्या दिवसांत मी पाय चेपत होते तर म्हणाले, "माझ्या भेवापायी तुझं घर सोडाया लावलं गो. रागावू नको." मी म्हटलं, "असू दे हो अण्णा, इथे नळाला पाणी तरी येतं." ते हसले. दोन दिवसांनी गेले. घर तेव्हाही उभंच होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी भिकूदादांचा फोन आला. आधी नुसता रडण्याचा आवाज. मग म्हणाले, "वैनी, तुमचं घर गेलं. मागची दरड आली. मधली खोली पहिली गेली."

मी जिन्याच्या दाराला धरून उभी राहिले. ओवी शाळेत होती, राजू कामावर. शाळेत आणि कारखान्यात फोन करून दोघांचाही आवाज ऐकला. मधल्या खोलीत आमची अंथरुणं असायची.

मग टाकीपाशी जाऊन बसले. पाणी दोन्हीकडे रेघेला लागून होतं. त्या घराचं एवढंच कौल शाबूत राहिलंय, आणि त्यात पाटील अंडी घेऊन वारा घालत होता. काचेला डोकं टेकवलं, अण्णा टेकवायचे तसं, आणि मोठ्याने सांगितलं, "अण्णा, गेलं हो घर. आत कुणी नव्हतं."