दत्तूची तीन नखं

सांगलीहून दत्तूच्या सूनबाईचा फोन आला तेव्हा मी कोरेगावात दारासमोर झाडत होते. "आत्याबाई, मामंजी गेले," एवढंच ती बोलली. दत्तू, माझा पाठचा भाऊ. महिना होत आला. पण खरं सांगू का, त्याचं जाणं भाऊबीजेलाच माझ्यासमोर मांडलेलं होतं... आणि मी वार बघत बसले.

दत्तू फौजेतून आला तो बँजो घेऊन. वरातीतला बटणांचा नव्हे हं. डफासारखा गोल, वर कातडं, लांब दांडा, पाच तारा. उजव्या हाताची तीन नखं वाढवून त्यांनीच छेडायचा. ती मोडू नयेत म्हणून उसात जाताना हातमोजा! भावकी हसायची, "काय रं गड्या, नवरीवानी नखं राखलीस?" पलटणीतल्या एका बँडवाल्यानं त्याला एकट्यानं वाजवायची एक चीज शिकवली होती. लय अवघड. अंगठा एका चालीनं चालत राहायचा आणि दोन बोटं त्याला चुकवून पळायची. ऐकताना वाटायचं, कुणीतरी आपल्या मागनं चालत येतंय... मधे एका जागी दत्तू हमखास अडकायचा. त्या जागेला तो घाटातलं वळण म्हणायचा. "आक्का, ओवाळणीत तुला ही चीज एकदा पुरी वाजवून दावणार," हे दर भाऊबीजेचं. दर वर्षी वळणावर अडकायचा, हसायचा, लाडू उचलायचा.

गेली दोन वर्षं तो वळणाच्या अलीकडेच थांबायला लागला. मग आणखी अलीकडे. "सराव न्हाई," म्हणायचा. यंदा तर बँजो पिशवीतून काढलाच नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. ओवाळून झाल्यावर नेलकटर मागितलं आणि उंबऱ्यात बसून डाव्या हातानं तिन्ही नखं कापली. मी ओरडले, "आरं, शनिवार हाय! आन् दिवेलागणीला?"

"कापू दे आक्का. आता कशाला लागत्यात?"

मी बडबडत झाडू घेतला, नखं बाहेर लोटली. का लागत नाहीत, हे काही विचारलं नाही. जाताना बँजो इथंच ठेवला त्यानं. म्हणाला, सांगलीत दमट हाय, कातडं ढिलं पडतंय.

सूनबाईनं नंतर सांगितलं, नसांचा आजार होता. बोटांपासून सुरू झालेला, श्वासापर्यंत जाणार हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. आक्काला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यानं घरात.

बँजो खुंटीला आहे. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला की भिंत हादरते, तारा आपसूक गुणगुणतात. दारात झाडता झाडता माझा हात थांबतो. मी कान देते... ट्रॅक्टर पुढं वळतो, आणि तारा गप्प होतात.