गॅरेजमधली म्हैस

काही घरांत भांडी जमतात, काही घरांत पुस्तकं. आमच्या घरात किस्से जमले, आणि तेही सगळे एका गॅरेजमधले! इथे टेक्सासच्या अर्विंगमध्ये कुणाकडेही पॉटलक (ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचा) असो, जेवणं उरकून हातात चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "ए, तो म्हशीचा किस्सा सांग ना!" मी सांगते. लोक पोट धरधरून हसतात. आता मीही हसते. पण खरं सांगू? तेव्हा मी जीव मुठीत धरून दिवस काढले आहेत.

म्हैस म्हणजे १९६९ सालची मसल कार. ज्यांना गाड्यांतलं कळत नाही (मला अजूनही कळत नाही) त्यांच्यासाठी सांगते: दोनच दारं, लांबलचक नाक, आणि त्या नाकाखाली एवढं दांडगं इंजिन की सुरू झालं तर शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथराव्यात. आमच्याकडे आली तेव्हा रंग उडून काळीठिक्कर पडलेली, रुंद, आणि ढकललं तरी जागची हलायची नाही. म्हणून म्हैस. नाव मी ठेवलं, आणि शिरीष, म्हणजे माझा नवरा, त्यावरून बरेच दिवस फुरंगटून होता.

शिरीष दिवसभर ऑफिसात सॉफ्टवेअर लिहायचा आणि शनिवार-रविवार गॅरेजमध्ये. त्याच्या जोडीला दोघं. एक नेने काका, रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर. तरुणपणी इथे शिकायला आले तेव्हा त्यांनी अशी गाडी नवी कोरी पाहिली होती, पण हात लावायची हिंमत झाली नव्हती म्हणे. दुसरा नितीन, शिरीषच्या ऑफिसातला, नागपूरचा, बॅचलर. त्याला गाडीत इंटरेस्ट नव्हता, माझ्या हातच्या आमटीत होता. तिघांचा मिळून आयुष्यभराचा अनुभव म्हणजे स्कूटरचा प्लग साफ करणे!

आणि मला एकच भीती. हा माणूस एक दिवस त्या गाडीखाली मरणार. म्हैस सुधारो, बिघडो, गंजून भुगा होवो, मला सोयरसुतक नव्हतं. शिरीष तेवढा धडधाकट बाहेर यायला हवा होता. पण त्याला स्वतःला भीती म्हणून कसली नव्हतीच, आणि तोच तर प्रॉब्लेम होता.

*

गाडी मिळाली पूर्व टेक्सासमधल्या एका शेतावरच्या कोठारात. ट्रेलरवरून उतरवली आणि तिघं कौतुकाने भोवती फिरायला लागले. नितीनने डिकी उघडली आणि तसाच मागे सरकला.

"साप आहे बे इथे!"

शिरीषने वाकून पाहिलं. "साप कुठे? नुसती कात आहे. कात आहे म्हणजे साप गेला."

नेने काकांनी चष्मा वर केला, कात नीट निरखली आणि शांतपणे म्हणाले, "कात आहे म्हणजे साप वाढलाय."

मी श्रेयाला काखेत मारून घरात पळाले. श्रेया आमची मुलगी, तेव्हा पहिलीत होती. साप शेवटपर्यंत सापडला नाही. सीटा काढल्या, गालिचे काढले, दारांच्या आतले पत्रे काढले, तरी नाही. आमचं वॉशिंग मशीन गॅरेजमध्येच असल्यामुळे मी मात्र कित्येक दिवस आधी झाकण आपटायची आणि मगच कपड्यांना हात लावायची.

*

गाडीखालचं काम म्हणजे असं, की जॅकने गाडी उचलायची, खाली चार लोखंडी स्टँड लावायचे आणि आपण पाठीवर झोपून आत सरकायचं. वर दीड टनाची म्हैस, खाली माझा नवरा.

मी स्वयंपाकघरात कानांवर जगायची. ठोकाठोकी ऐकू आली की राग यायचा, थांबली की हातातलं काम थांबायचं. मग मी हाक मारायची, "शिरीऽष, चहा?" आतून "हो" आलं की श्वास सोडायचा. त्या दिवसांत तो चहा इतका प्यायला की त्याला ॲसिडिटी झाली.

एका दुपारी ठोकाठोकी थांबली. मी हाक मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. हातातला कुकर तसाच टाकून धावले. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, एकदम स्तब्ध. मला पुढे जाववेना आणि ओरडताही येईना. माझ्यामागून श्रेया आली, तिने ते पाय पाहिले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आई, इज बाबा डेड?"

तेवढ्यात गाडीखालून घोरण्याचा आवाज आला!

बाहेर ऊन तापलेलं, गाडीखाली मस्त गार लागलं म्हणून झोपलो, असं त्याने सांगितलं. मी त्या दिवशी जेवले नाही. रागाने नाही, सारखी उठून त्याच्याकडे बघून येत होते.

*

पुढच्या चाकांवर जाडजूड स्प्रिंगा असतात. त्या दाबून, शिकंज्यात आवळून बाहेर काढायच्या असतात, आणि सुटल्या तर माणूस जायबंदी होतो, नाहीतर जातो. हे मला कुणी सांगितलं? नितीनने, पोळीचा घास घेता घेता.

"मग तुम्ही कशाला काढताय? मेकॅनिककडे न्या ना!"

"वहिनी, डोन्ट वरी," तो म्हणाला. "काकांनी कॅल्क्युलेशन केलंय."

काकांनी खरंच केलं होतं. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस! स्प्रिंग सुटली तर कुठल्या दिशेने जाईल हे त्यांनी भिंतीवर खडूने बाण काढून दाखवलं, आणि बाणाच्या विरुद्ध बाजूला तिघं उभे राहिले. मी स्वयंपाकघरात भरल्या वांग्यांना फोडणी देत होते.

धाड्! असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. माझ्या डावीकडची भिंत फुटली, पांढरी भुकटी उडाली आणि डाळीतांदळाचे डबे धडाधड खाली आले. इथल्या भिंती म्हणजे काय, पुठ्ठाच. मी ओट्याला पाठ लावून उभी होते, हातात कालथा. आधी वाटलं, शिरीष गेला. मग वाटलं, मीच गेले की काय!

भिंतीच्या भोकातून नितीनचा डोळा दिसला.

"वहिनी," तो अदबीने म्हणाला, "स्प्रिंग तिकडे आली का?"

तूरडाळीत रुतून बसली होती. त्यानंतर काकांनी आमच्या घरात कुठेही बाण काढला नाही.

*

अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे ते दिवस कसे होते, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. आपल्या वर्णाचा माणूस दुकानात जरा जास्त वेळ रेंगाळला तरी लोक वळून बघायचे. आणि आमच्याकडे तीन पुरुष, अर्धवट ओढलेलं शटर, आत ठिणग्या, पेट्रोलचे कॅन आणि कसल्या कसल्या रसायनांचे वास!

कुणीतरी फोन केला असणार. एका शनिवारी दारात पोलिसांची गाडी. ऑफिसर एकटाच होता, तरुण, आणि त्याचा हात कमरेशी होता. मी खिडकीतून बघत होते. त्याने शटरखालून "हॅलो?" म्हटलं आणि त्याच क्षणी शिरीष गाडीखालून बाहेर सरकला. हातात भलामोठा पाना!

"ड्रॉप इट!"

शिरीषला काही कळेना. तो पाना हातात धरून नुसता हसत होता. मला माहीत आहे, तो घाबरला नाही तरी गोंधळला की असाच हसतो. पण त्या ऑफिसरला कुठे माहीत! मी आतून किंचाळले, "शिरीष, टाक ते! टाक!" पाना खाली पडला, त्याच्याच पायावर. तो ओय ओय करत एका पायावर नाचायला लागला तेव्हा कुठे ऑफिसरचा हात कमरेवरून निघाला.

त्याने सगळं पाहिलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, की मॅडम, शटर पूर्ण उघडं ठेवत जा. लोकांना दिसू दे काय चाललंय ते.

झालं. तेव्हापासून भर उन्हाळ्यात शटर सताड उघडं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिघंही टेक्सासचा रामराम करत मोठ्याने "हाउडी!" म्हणायचे. कुत्रा फिरवणारी बाई आली की "हाउडी!" टपालवाला आला की "हाउडी!" शिरीष गाडीखाली असला तर नुसता हात बाहेर काढून हलवायचा. लोक हसून हात करायचे. मी मात्र दाराची बेल वाजली की अजूनही आधी खिडकीतून बघते.

*

टेक्सासात गारा पडतात, लिंबाएवढ्या. त्या दिवशी वादळाचा भोंगाही वाजला. अशा वेळी बाथरूमच्या टबमध्ये बसून डोक्यावर गादी घ्यायची असते. मी श्रेयाला घेऊन टबमध्ये. शिरीष सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या कपाटातून काढून गॅरेजमध्ये म्हशीवर घालायला चाललेला.

"अरे, ती छपराखाली आहे!"

"छप्पर उडालं तर?"

"आणि आम्ही?"

तो थांबला. त्याला पटलं असावं, कारण परत येऊन त्याने आमच्यावर एक गोधडी टाकली. तीसुद्धा त्यातल्या त्यात पातळ होती.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. नेने काका म्हणाले, "हत्यारांची पूजा झाल्याशिवाय मी इंजिनाला हात लावणार नाही." मलाही बरं वाटलं. म्हटलं, देवाचं नाव घेतलं तर त्या म्हशीची नजर तरी उतरेल.

पाटावर पाने, पक्कड, हातोडी मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार गाडीच्या नाकावर घातला. काका सोवळं नेसून आलेले, टेक्सासमध्ये, ड्राइव्हवेवरून चालत! उदबत्ती लावली, तबकात निरांजन पेटवलं, कापूर पेटवला. शिरीष आणि नितीन टाळ्या वाजवत होते, श्रेया घंटी. काका तबक ओवाळत खाली खाली चाकापर्यंत नेत होते.

आणि मला वास आला.

मी खाली पाहिलं. सकाळी पेट्रोलची नळी काढलेली आणि गाडीखाली पसरट ट्रे ठेवलेला, त्यात थेंब थेंब जमलेलं पेट्रोल. काकांचं तबक त्याच्यापासून हातभर.

मी झडप घातली आणि निरांजनावर जोरात फुंकर मारली. आरती थांबली.

"अगं, हे काय? दिवा फुंकून विझवतात का!" काका भडकले.

मी बोटाने ट्रे दाखवला. काका वाकले. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं, आणि गाल फुगवून स्वतःच कापरावर फुंकर मारली. मग उदबत्तीवर मारली. उदबत्ती फुंकरीने विझते थोडीच! ती आणखी लाल झाली. काका फुंकताहेत, ती फुलते आहे. शेवटी नितीनने ती उपटली आणि "हटो, हटो!" करत रस्त्यापर्यंत पळत जाऊन समोरच्यांच्या लॉनमध्ये खोचून आला.

उरलेली आरती काकांनी ड्राइव्हवेच्या टोकाला उभं राहून केली, हात जोडून, तबकाशिवाय. कुत्रा फिरवणारी बाई थांबून बघत होती. आमच्यापैकी कुणालाच तिला हाउडी म्हणायचं सुचलं नाही.

*

शेवटी म्हैस तयार झाली. गडद निळा रंग, नव्या सीटा. आणि जुने ब्रेक धोक्याचे म्हणून पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक. त्यांच्या नळ्यांतली हवा काढायला मी स्वतः गाडीत बसून पेडल दाबलं होतं, शिरीष खालून "दाब! धर! सोड!" ओरडत होता.

रविवारची सकाळ. शिरीष एकटाच कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून आला. तो दिसेनासा झाला तेवढा वेळ मी काकांचा दंड धरून उभी होते. परत आला तो खिडकीतून हात काढून, ओरडत, लहान मुलासारखा. काकांच्या डोळ्यांत पाणी. नितीन गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाला, "जमलं ना बे!"

"ये, बस," शिरीष मला म्हणाला. "आता तरी बस!"

मी बसले. पट्टा लावला. इंजिन गुरगुरत होतं, सीट थरथरत होती.

"ब्रेक लागतील ना?" मी विचारलं.

"लागतील म्हणजे? नवे कोरे आहेत. मी स्वतः बसवलेत."

"नट सगळे घट्ट आहेत?"

"एकूण एक."

"नक्की?"

"अगं, नक्की! किती घाबरशील? आत्ताच नाही का जाऊन आलो मी?"

श्रेया माझ्या दाराशी उभी होती, एक पाय आत टाकून. तिला केव्हाची घाई झाली होती.

"मग हिला मागे बसवू?" मी म्हटलं.

शिरीषने श्रेयाकडे पाहिलं. मग स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे. नितीन दुसरीकडे बघायला लागला.

शिरीषने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"थांब," तो म्हणाला. "चाकं काढून परत एकदा बघतो."