नवशीचा खुबा

डहाणूजवळच्या कैनाडमधल्या एका चिकूवाडीत फळं निवडायचं काम नवशी लग्न झाल्यापासून करत होती. झाडावरून उतरवलेले चिकू धुऊन शेडमध्ये यायचे आणि बायका उकिडव्या बसून मोठे, मध्यम, बारीक असे वेगळे करायच्या. नवशी बोलायची कमी, हात मात्र भराभर चालायचा. २०१४च्या दिवाळीनंतर एकदा उठताना तिचा उजवा गुडघा दुखला, आणि मग दुखतच राहिला.

दुखणं तिला नवं नव्हतं. तिचं माहेर तलासरीच्या डोंगराकडचं. तिथल्या आश्रमशाळेत रक्त तपासलं तेव्हा तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला होता. वर्षातून दोन-तीनदा हातपाय ठणकायचे, ताप यायचा. चार दिवस पडून राहिलं, भरपूर पाणी प्यायलं, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या की उतरायचं. हे मात्र उतरेना. सासू लाडकीने गुडघ्याला तेल चोळलं, पाला बांधला. डहाणूच्या एका दवाखान्यात गुडघ्याचा एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. असं वर्ष गेलं आणि नवशी लंगडायला लागली.

खरी जागा ओळखली ती तिच्या नवऱ्याने. चिमण त्याच वाडीत झाडावर चढून फळं उतरवायचा. एका सकाळी ती चूल पेटवायला बसत होती, तो बघत होता.

"तुझा गुडघा वाकतो," तो म्हणाला. "वळत नाही ती मांडी."

ती दोघं वापीला हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर गुजराती, पण मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी तिला आडवं केलं, पाय उचलून आतल्या बाजूला वळवला तशी ती ओरडली. एमआरआय काढून आल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढलं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो, तोच खुब्याचा सांधा. तिच्या रक्तातल्या विळ्यासारख्या वाकड्या पेशी बारीक नसांत अडकल्या होत्या. गोळ्याला रक्त पोचत नव्हतं आणि आतलं हाड मरत चाललं होतं. गुडघ्यात जाणवत होतं ते तिथलंच दुखणं.

"मेलेलं हाड परत जितं होतं का?" नवशीने विचारलं.

"मेलेलं नाही होत. पण तुझा गोळा अजून चेपलेला नाही. भोक पाडून आतला दाब कमी करू, खालून धातूचा टेकू देऊ. टिकलं तर टिकलं."

२०१६च्या जानेवारीत ते ऑपरेशन झालं. बोटाएवढी, बारीक छिद्रांची धातूची कांडी हाडातून वर सरकवून गोळ्याच्या खाली बसवली. तीन महिने कुबड्या, मग काठी, मग काहीच नाही. नवशी परत शेडमध्ये गेली.

हे सव्वा वर्ष चाललं. २०१७च्या उन्हाळ्यात मसोलीच्या नाक्यावर रिक्षातून उतरताना पाय जमिनीवर टेकला आणि ती तिथेच खाली बसली. नव्या एक्स-रेमध्ये गोळा वरून चेपलेला होता. कांडी जागेवर होती, पण तिच्या भोवतीचं हाड खचलं होतं. वापीच्या डॉक्टरांनी तिला मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात पाठवलं. तिथे सांधा बदलण्याचं ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट होत होतं.

तिथले मोठे सर्जन पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे. त्यांनी तिचं वय विचारलं. अठ्ठावीस.

"नवा सांधा पंधरा-वीस वर्षं जातो," ते म्हणाले. "मग तो काढून दुसरा घालायचा, आणि ते फार अवघड काम. तुझ्या आजारात रक्ताचा आणि जंतूंचा धोका आणखी. चाळिशीपर्यंत कुबड्यांवर निभावलंस तर बरं."

नवशीने चिमणकडे पाहिलं. मग ती सर्जनांकडे वळली.

"डॉक्टर, सिकलसेलवाल्या किती जणी तुम्ही चाळीस वर्षांच्या बघितल्यात?"

"बघितल्यात. आता गोळ्या चांगल्या आहेत."

"पण सगळ्या नाही."

"सगळ्या नाही," त्यांनी मान्य केलं.

"मग मला पाय आत्ता पाहिजे. माझी पोरगी प्राजक्ता सहा वर्षांची आहे. तिला मोठी करायला पाहिजे. पुढचं पुढे."

सर्जनांनी कागद पुढे ओढला. सहीच्या जागी नवशीने पूर्ण नाव लिहिलं.

आधी तिला रक्त चढवलं. ऑपरेशनच्या वेळी फक्त कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे पडद्याआडून हातोडीचे ठोके तिला ऐकू येत होते. दुखत नव्हतं, पण प्रत्येक ठोक्याला सगळं अंग हलायचं. मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसला, त्यावर गुळगुळीत गोळी, आणि कमरेत नवी वाटी. दुसऱ्या दिवशी तिने जुना गोळा बघायचा आहे असं सांगितलं. नर्स हसली. सर्जन मात्र हसले नाहीत. त्यांनी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. पिवळट, एका बाजूने ठिसूळ झालेलं हाड, आणि त्यातून बाहेर डोकावणारं, हाडाबरोबर कापलं गेलेलं जुन्या कांडीचं टोक. नवशीने बराच वेळ फोटो पाहिला आणि मोबाइल परत दिला.

घरी पाठवताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, गुडघ्यापेक्षा खालच्या कशावरही बसायचं नाही. नाहीतर गोळी वाटीतून निसटेल.

"जमिनीवर बसायचं नाही?" लाडकी म्हणाली. "मग माणसाने घरात करायचं काय?"

घरात चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, जेवण जमिनीवर. आठवडाभर लाडकीने कुरकुर केली. मग एक दिवस दगड-माती आणून तिने कमरेएवढा ओटा रचला आणि त्यावर नवी चूल घातली. ओटा नवशीच्या उंचीला जमेल असा झाला. लाडकी बुटकी, तिला हंडीत बघायला वीट ठेवून उभं राहावं लागायचं. विटेवर चढताना ती रोज काहीतरी पुटपुटायची, पण ओटा तिने मोडला नाही. चिमणने संडासावर ठेवायला मधे भोक असलेली लाकडी खुर्ची ठोकून दिली.

ती कामावर परतली तेव्हा शेडचा मुकादम म्हणाला, "उभ्याने निवडता येत नाही." नवशीने जुनं दार क्रेटच्या चार थप्प्यांवर टाकलं आणि चिकूंचा ढीग त्यावर ओतला. पहिले पंधरा दिवस ती मागे पडायची. मग पडेनाशी झाली.

२०१८च्या मे महिन्यात माहेरी एका नातेवाइकाचं लग्न होतं. तिचा धाकटा भाऊ सुदाम, चोवीस वर्षांचा, उंबरगावला कारखान्यात कामाला. तोही सिकलसेलवालाच, पण गोळ्या कधी धड घ्यायचा नाही. नाचताना तो मधेच बाजूला झाला आणि गुडघा दाबत कट्ट्यावर बसला. नवशी उठून त्याच्याजवळ गेली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून? लचक आहे, बाय."

"उकिडवा बस बघू."

"लोक बघतायत."

"बघू दे. बस."

तो अर्ध्यावर वाकला आणि थांबला. लग्नानंतर नवशी कैनाडला परतली नाही. सुदामच्या घरीच राहिली. तो कामाला जायचा, संध्याकाळी यायचा, आणि ती दारात उभी असायची, कारण त्याच्या घरात तिला बसता येईल असं काही नव्हतं. पहिल्या दिवशी तो चिडला, दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूने आत निघून गेला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू अशी किती दिवस उभी राहणार?"

"तू वापीला येईस्तोवर."

सुदामच्या एमआरआयमध्ये खुब्यात डाग होता, गोळा मात्र शाबूत आणि गोल. वापीच्या डॉक्टरांनी या वेळी फक्त भोक पाडून दाब कमी केला, धातूचं काही घातलं नाही. सुदाम काही आठवडे कुबड्यांवर होता. कारखान्याने उभं राहायचं काम काढून त्याला बसून करायचं काम दिलं. गोळ्या तो आता घेतो, कारण दर रविवारी बहिणीचा फोन येतो.

२०१९च्या फेब्रुवारीत दोघं एकाच दिवशी एक्स-रेला गेली. नवशीचा सांधा जागेवर होता. सुदामचा गोळा गोलच होता. "पुढच्या वर्षी परत दाखवा," डॉक्टर म्हणाले, "दोघांनीही."

बाहेर आल्यावर सुदामने विचारलं, "बाय, तुझं ते लोखंड कधी टोचतं का?"

"लोखंड नाही ते," नवशी म्हणाली. "थंडीत जरा जाणवतं. चल, बस चुकेल."