कुसुमचा बाँड

ऐंशी-नव्वदच्या काळात आम्ही ब्रिटनमधल्या कार्डिफची मराठी मंडळी रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचो. सगळ्यांचे कोट वरच्या खोलीतल्या बेडवर, एकावर एक पडलेले. सरकारकडे अडकलेल्या पैशांचे आमचे किस्सेही तसेच साठलेत. एक ओढायला जावं तर चार घसरून येतात.

कारण साधं. आमचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी नव्या हॉस्पिटलात, नव्या क्वार्टर्सवर. पहिल्या पगारातून हौसेने सरकारी बाँड घ्यायचे. त्यावर व्याज नाही, पण दर महिन्याला नंबर काढून बक्षिसं. बक्षिसाचं पत्र जायचं जुन्या पत्त्यावर, आणि पैसे बसायचे सरकारकडे आमची वाट बघत.

*

भूल देणारा आमचा देशपांडे. त्याच्या बक्षिसासाठी ऑफिसने आधीचे सगळे पत्ते मागितले. ग्लासगोपासून सगळे आठवले, एक सोडून. पठ्ठ्याने लिहून दिलं, "हॉस्पिटलच्या शवागाराच्या वर, डावीकडचं दार."

"देशपांड्या, आता कसले मिळतायत पैसे," आम्ही म्हटलं.

चेक आला. त्याच पत्त्यावर! शवागारातल्या माणसाला देशपांडे अजून ख्रिसमस कार्ड पाठवायचा, म्हणून बरं. त्याने फोन केला, "डॉक्टर, इथे आजवर कुणाला पैसे आले नव्हते."

*

आमच्या ह्यांची तऱ्हा निराळी. जास्त कापलेल्या टॅक्सचा चेक घरी आला, तर म्हणे, "सरकार आपणहून पैसे देतं का कधी? चूक झाली असणार." आणि परत पाठवला की हो, वर माफी मागून! सरकारने पुन्हा पाठवला. ह्यांनी पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मीच पोस्टमनला दारात गाठलं आणि वॉशिंग मशीन घेऊन टाकलं.

अजून ते सुरू केलं की विचारतात, "मागितले तर?"

*

पण खरी गंमत वसुधावहिनींची. लग्नाआधी त्या इथे नर्स म्हणून आल्या, तेव्हा त्यांचं नाव कुसुम. आई लवकर गेली, मिरजेच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, त्यांना वाढवलं. पहिल्या पगाराचा बाँड घेतला तेव्हा त्यांनी अक्काला कळवलं होतं, "ह्याला बक्षीस लागलं की तुला इकडे आणते." मग रजेवर भारतात जाऊन लग्न केलं, डॉक्टर नवऱ्याबरोबर परत आल्या, संसारात बाँड विसरला.

आणि एक दिवस कळलं, अक्काला काचबिंदू झालाय, दिसणं कमी होत चाललंय. अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणाले, "अगं, तिकीट मी काढतो."

"नको. मी माझ्या पैशाने आणीन म्हटलं होतं."

हट्टी बाई. पोस्टात न नेलेल्या बक्षिसांची यादी बघायला मिळायची, तिथे जाऊन उभ्या राहिल्या. आणि नंबर सापडला.

काउंटरवरची बाई म्हणाली, "लग्नानंतर आडनाव बदललं, समजलं. पण पहिलं नावही?"

"हो. आणि मधलंही. आधी वडिलांचं होतं, आता नवऱ्याचं."

"मॅडम, मग तुमचं राहिलं काय?"

"बाँड," वहिनी म्हणाल्या.

*

लग्नाचं सर्टिफिकेट नव्हतंच. मग नाव बदललं तेव्हा हजर असलेल्या कुणीतरी वकिलासमोर शपथेवर सांगायचं ठरलं. इथे असा माणूस एकच, अण्णा. मी सोबतीला गेले.

वकिलाने विचारलं, "नवीन नावाची लेखी नोंद?"

"आहे. मीच लिहिलं होतं," अण्णा म्हणाले. "अंगठीने. ताटातल्या तांदळात."

"ते तांदूळ आता कुठे आहेत?"

"शिजवले असतील."

वकिलाने पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "घरी तुम्ही यांना कोणत्या नावाने हाक मारता?"

"अगं म्हणतो."

"हे तिसरं नाव?"

मला हसू आवरेना. शेवटी वकिलाने मजकूर तयार केला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. आता आमचे अण्णा म्हणजे लग्नातसुद्धा, सगळे मागे लागले तरी, बायकोचं नाव न घेतलेला माणूस. 'वसुधा' कसंबसं पुटपुटले. 'कुसुम'पाशी अडले, शेवटी ओठातल्या ओठात उरकलं. कान लाल. वहिनी खिडकीबाहेर बघत बसलेल्या, पन्नाशीच्या बाई, नवरीसारख्या. मला एकदम त्यांचं फार कौतुक वाटलं.

*

पैसे मिळाले, तिकीट गेलं. हीथ्रोला आम्ही तिघं गेलो, मोठी गाडी आमची म्हणून मी. अक्का बाहेर आल्या, जाड चष्मा, नऊवारी, वर कुणीतरी दिलेला स्वेटर. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि ट्रॉली घेऊन चक्क उलट्या दिशेला निघाल्या. वहिनींनी हाक मारायला तोंड उघडलं, आणि रडूच फुटलं.

तेव्हा माझ्या मागून, सगळा हॉल वळून बघेल असा आवाज आला, "अक्का! इकडे! कुसुम इकडे आहे!"

परतीच्या वाटेवर दोघी बहिणी मागे, हातात हात घालून. मी गाडी चालवत होते, अण्णा माझ्या शेजारी. ब्रिस्टल आलं. अण्णा मान न वळवता म्हणाले, "कुसुम, थर्मास कुठाय गं?"

"अहो, तुमच्या पायाशीच आहे," वहिनी म्हणाल्या.