पाळीवरचा गुप्त फोन

ती घटना आठवली की आजही मला आधी कोंबड्यांची बांग ऐकू येते, मग बाकीचं आठवतं. भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षं लोटली होती आणि ज्याच्यात्याच्या हाती मोठ्या पडद्याचा फोन आला होता. मी एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. धानाची कापणी आटोपली की करडीकडच्या एका तलावामागे कोंबडबाजार भरे. कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधून झुंज लावायची आणि त्यावर जुगार खेळायचा. आम्ही तीनदा धाड घातली. तिन्ही वेळा हाती लागली ती नुसती पिसं.

खबर ठाण्यातूनच फुटत होती, हे उघड होतं. माझा संशय आमच्या हवालदारांवर गेला. ते करडीचे, धाडीची तयारी त्यांच्याकडे आणि निवृत्तीला जेमतेम दोन महिने उरलेले. मी त्यांना धाडीच्या कामातून काढलं, फोन तपासायला मागितला आणि वरिष्ठांना पाठवायचा अहवाल लिहायला घेतला. तो गेला असता तर त्या माणसाच्या आयुष्यभराच्या नोकरीला शेवटी डाग लागला असता. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, सलाम केला आणि गेले.

त्यांच्या फोनमध्ये काहीच निघालं नाही. बाजार भरवणाऱ्याचे कॉल रेकॉर्ड मागवले, तर त्यात त्याची बायको आणि खताचा दुकानदार. सायबर शाखेने सांगितलं, हा गडी एका परदेशी कंपनीची सेवा वापरतो. तिचे कॉल आणि निरोप कुलूपबंद असतात, मधल्या कोणालाही कळत नाहीत. कंपनीला पत्र लिहिलं. फार अदबीने उत्तर आलं की, आमच्या ग्राहकांचं बोलणं आम्हालाही ऐकू येत नाही. मी चरफडत ते फाईलला लावलं.

त्याच आठवड्यात तलावात शिंगाडे काढणारी एक मावशी तक्रार घेऊन आली. बाजाराला येणारे लोक तिचे शिंगाडे चोरून खात होते.

"अन् तुमच्या धाडीचा काय उपेग, साहेब?" ती म्हणाली. "तुमी येनार हे आमाले आदल्या रोजीच मालूम रायते."

"कसं काय?"

"गावात रेंज येत नाही. तो बाजारवाला तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर चढते अन् स्पीकर लावून फोन तोंडापुढं धरून बोंबलते. तिकडल्याचंबी सारं मले पान्यात ऐकू येते."

"तिकडचा काय म्हणतो?"

"म्हनते, साहेबानं मलेच पंच म्हनून बोलावलं हाये, उद्या बाजार भरवू नोको."

मी पेन खाली ठेवलं. पंचनाम्याला दोन पंच लागतात. ऐनवेळी शोधाशोध नको म्हणून आम्ही दर वेळी ठाण्यासमोरच्या चहावाल्यालाच घेत असू, आणि दुकान बंद ठेव असं त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवत असू. सांगणारा मीच, तेही त्याचाच चहा पीत.

चहावाल्याला बोलावलं. त्याने ऐटीत फोन पुढे केला. "पाहून घ्या साहेब, यातून काहीच निघनार नाही."

"खिशात ठेव," मी म्हणालो आणि मावशीला आत घेतलं. तिने त्याची वाक्यं त्याच्याच सुरात म्हणून दाखवली. त्यात एक असंही होतं: "साहेबाचं पोट सुटलं हाये, धानाच्या बांधीतून धावाले त्याच्यानं होत नाही." दारातला शिपाई तोंड फिरवून हसला. चहावाला मात्र खुर्चीवर बसला आणि सगळं कबूल करून मोकळा झाला.

पुढच्या धाडीला पंच घेतले जवाहरनगरचे दोन शिक्षक, तेही निघायच्या वेळी. बाजार भरवणारा सापडला आणि नऊ कोंबडेही. न्यायालयाचा आदेश येईपर्यंत तो मुद्देमाल ठाण्यातच होता. सकाळच्या हजेरीला प्रत्येक नावामागे कोंबडेही ओ देत.

अशाच एका हजेरीला मी सगळ्यांसमोर हवालदारांना फोन परत दिला, तो अहवाल फाडला आणि माझी चूक झाली म्हणालो. ते हसले. मला हायसं वाटलं.

"त्या पाळीवरच रेंज येते हे तुम्हाला ठाऊक होतं का हो?" मी विचारलं.

"मी करडीचाच आहो, साहेब. पाळीवरचं बोलनं साऱ्या गावाले ऐकू येते."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी माहा फोन मांगला, तो देल्लो," ते म्हणाले. "मले तर तुमी काही इचारलंच नाही."