निळ्या कोटातला मोतीराम

वलगाव नाक्यावरच्या वकार फोटोवाल्याचा हात इतका सढळ, की त्याच्याकडे आलेला मयत माणूस गोरा होऊनच घरी परतायचा. साल दोन हजार सहा. माणसं पिकावरचं औषध स्वतःच पीत होती, आणि ज्यांचा जन्मात फोटो निघाला नव्हता त्यांचा पहिला फोटो वकार शवागारात काढायचा. तेरवीसाठी कॉम्प्युटरवर त्यांचे डोळे उघडायचे, सुरकुत्या घालवायच्या, अंगावर निळा कोट चढवायचा. कोट एकच. त्यामुळे अर्धं वलगाव मेल्यावर तहसीलदार झालं.

समोर गोवर्धनचं गेम पार्लर. बंदुकीच्या गेममधल्या शत्रूंना रंगवायचं कामही वकारकडेच. त्याचे शत्रू म्हणजे पोळ्याचे बैल: लाल गाल, हिरवे फेटे, दुरून उठून दिसणारे. खेळ खेळासारखाच दिसावा, हे त्याचं मत. गोवर्धन मात्र टोमणे मारायचा, की अकोल्याच्या पार्लरात शत्रूच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. तुझ्या बाहुल्या मारायला कोण येईल?

वकारला ते झोंबलं. त्या दिवशी त्याच्या कॉम्प्युटरवर शकुन भाजीवालीच्या नवऱ्याचा, मोतीरामचा, शवागारातला फोटो होता. करपलेले गाल, पांढरे खुंट, फुटलेले ओठ. त्यानं फक्त डोळे उघडले, तो चेहरा शत्रूला लावला आणि फेट्याच्या जागी हेल्मेट घातलं. हेल्मेटखाली कोण ओळखतं? मग सवयीनं त्याच फोटोतले गाल गोरे केले, कोट चढवला आणि मूळ फाइल पुसून तिच्या जागी तोच ठेवला.

पार्लर गच्च भरू लागलं. महिन्याभरानं शकुन मेथी द्यायला गोवर्धनकडे आली आणि टोपली धरून पडद्यासमोर उभीच राहिली. तिचा माणूस पडत होता, उठत होता, पुन्हा पडत होता. मग मेथी तशीच घेऊन ती निघून गेली. भावकी घेऊन येते की काय, या धास्तीनं समोरून पाहणाऱ्या वकारनं तासाभरात सगळ्या मशीनवरून तो चेहरा पुसला आणि लाल गाल परत लावले.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. पदराखालचा फोटो तिनं काउंटरवर ठेवला.

“वकारभाऊ, हा साहेब ठेवा तुमच्यापाशी. पोरगी इचारते, हा कोन हाये म्हून. तुमच्या खेळात आमच्या घरचे हायेत, जसेच्या तसे. ते काढून द्या मले.”

वकारनं एकेक फाइल उघडली. कोट, कोट, कोट.

“वहिनी, ते तं मी कालच पुसलं.”

“काहून?”

वकार पुन्हा पहिल्यापासून फाइली उघडू लागला.

“लोकं गोया मारत व्हते, तोवर ठेवलं ना?” ती म्हणाली.

मग काउंटरवरचा कोटवाला फोटो तिनं उचलला आणि पुन्हा पदराखाली घेतला. मोतीरामचा दुसरा फोटो होता कुठं?